आत्याबाईच्या मिशा

'आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते,' ही म्हण ज्याने कुणी प्रथम उच्चारली, त्याला स्वतःला भरघोस मिशा असल्या पाहिजेत, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्या म्हणीत एक प्रकारची निश्चिंती आहे. जर-तरच्या गोष्टी करणाऱ्याचे तोंड बंद करायला आपण ती वापरतो. आणि तोंड बंद झालेला माणूसही हसतो, कारण आत्याबाई आणि मिशा ही जोडीच अशी आहे की तिच्यापुढे वाद टिकत नाही.

पण मी जन्मभर शाळेत गणित शिकवले. गणितात जर-तरला कुणी हसत नाही. तिथे उदाहरणाचा आरंभच मुळी 'समजा' या शब्दाने होतो. समजा, क्ष बरोबर पाच. समजा, दोन आगगाड्या एकाच वेळी निघाल्या. त्यामुळे ही म्हण कानांवर पडली की इतरांसारखे हसून सोडून देणे मला जमत नाही. माझे मन आपोआप फळ्यापाशी जाऊन उभे राहते. समजा, आत्याबाईला मिशा आहेत. आता सांगा, काय काय बदलले? आई तीच, बाप तोच, घर तेच, रक्तही तेच. मिशा सोडून बाकी सारे दोन्ही बाजूंना सारखेच असेल, तर जे काही बदलेल ते सगळे मिशांचे मोल समजायचे, नाही का?

हे उदाहरण मी बरीच वर्षे मनाशी सोडवीत आले आहे. मी स्वतःही आत्याच आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण पुढे येईलच.

प्रथम आत्याची बाजू मांडू. ती रिकामी आहे असे कुणी समजू नये. आपली नातीगोती हक्कांनी नुसती गजबजलेली आहेत. मूल जन्मले की त्याचे नाव ठेवायचे ते आत्याने. बाळाच्या कानात 'कुर्र' करून ती नाव सांगते, आणि तिने नाव सांगितले रे सांगितले की भोवतालच्या बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात. बाळाचे जावळ काढायचे ते मामाच्या मांडीवर बसवून. लग्नात अंतरपाट धरला की मामा पाठीशी उभा हवा, त्याची एस.टी. चुकली तर मुहूर्त टळतो की काय म्हणून मंडपभर धावपळ. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि त्याबद्दल त्याच्याकडूनच पोशाख वसूल करायचा. शिवाय करवलीचा मान, विहिणीचा मान, अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण. मावशीचा असा एखादा समारंभातला खास हक्क मला आठवत नाही. पण 'माय मरो आणि मावशी उरो' असे म्हणून भाषेने तिला जे देऊन टाकले आहे, त्यापुढे कान पिळणे ते काय! आमच्या सातारकडच्या खेड्यांत आत्याला मावळण म्हणतात. लग्नाच्या बस्त्याची यादी करताना 'मावळणीचं लुगडं धरलं का?' हा प्रश्न आमच्या घरात हळकुंडांच्याही आधी येत असे.

या हक्कांची एक गंमत आहे. ते कुठेही लिहिलेले नाहीत. मग ते हक्क आहेत हे ओळखायचे कसे? खूण अगदी सोपी आहे. ज्याला रुसता येते, त्याला हक्क असतो. लग्नाचे बोलावणे आले नाही तर शेजारी मनातून खट्टू होईल, पण रुसणार नाही. मामा मात्र पत्रिकेत नाव खाली छापले एवढ्यावरून रुसेल. मग त्याची समजूत घालायला घरातले वडीलधारे माणूस जाते, म्हणजे त्याचा दावा दाखल झाला. नारळ आणि टोपी-उपरणे देऊन त्याला मांडवात आणले, की निकाल लागला. रुसवा हे आपल्या नात्यांचे न्यायालय आहे. तिथे वकील लागत नाही. तारखा मात्र पडतात, आणि काही दावे तीन-तीन पिढ्या चालतात.

माझ्या धाकट्या भावाच्या बारशाला आत्याला आणायला गाडी पाठवायची, ती बैल नांगराला जुंपलेले म्हणून उशिरा गेली. आत्या आली ती घरात न शिरता ओट्यावरच बसली. आई विनवून गेली, काकू विनवून गेली. शेवटी आजोबा स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तेव्हा ती डोळे पुसत उठली आणि पाळण्यापाशी गेली. मी चार-पाच वर्षांची असेन; पण आत्या हे घरातले केवढे मोठे प्रस्थ आहे, हे मला त्या दिवशी पक्के समजले.

या हक्कांना दिशाही असते हे मात्र मला फार पुढे, एका ग्रंथाच्या वाचनाने उमगले. इरावती कर्वे यांचा 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा ग्रंथ १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने प्रसिद्ध केला. भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांतले नात्यांचे शब्द आणि चालीरीती त्यांनी त्यात एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्या आहेत. उत्तरेत जवळच्या नात्यातले लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते होण्याकडेच ओढा, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर. म्हणून आमच्या देशावर मामाची मुलगी केलेली चालते. कित्येक घरांत भाचा तो आपला हक्कच समजे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने निषिद्ध नात्यांतली लग्ने बंद केली, तीही रूढीने मान्य असलेल्यांना वाट मोकळी ठेवूनच. पण आत्याची मुलगी सून म्हणून घरात आणायची नाही. तिला 'परतवेल' म्हणतात. वेल एकदा ज्या मांडवावर गेली तिथून ती मागे वळता कामा नये.

परतवेल हा शब्द मला फार बोलका वाटतो. मुलगी या घरातून त्या घरात जायची. तिच्यामागून तिची भाचीही सून होऊन जाईल. लुगडी, धान्याची पोती, दिवाळीचा फराळ, सारे जाईल. मागे मात्र काही वळायचे नाही. आणि जमीन तर जागची हलायचीच नाही. वेलीला मांडव कितीही बदलता येतात. पण ज्या मातीत ती रुजली त्या मातीवर तिचे नाव लागत नाही.

ही झाली मांडवातली यादी. दुसरी यादी कचेरीतली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या शेवटी, मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या वारसांची अनुसूची आहे. ती प्रथम वाचली तेव्हा मला लग्नपत्रिकेचीच आठवण झाली. फक्त मानकऱ्यांच्या जागा पार उलटसुलट झालेल्या. पहिल्या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा, आई, आणि आधी वारलेल्या मुलामुलींचा परिवार. यांपैकी कुणीच नसेल तर दुसरा वर्ग, आणि त्यात एकामागून एक नऊ पंगती. पहिल्या पंगतीला बाप. दुसरीत भाऊ आणि बहीण. चौथीत पुतणे आणि भाचे. सहावीत भावजय. सातवीत काका आणि आत्या. वरच्या पंगतीला एक जरी माणूस बसलेले असले तरी खालच्या पंगतीत पान वाढले जात नाही; आणि एका पंगतीतल्या सगळ्यांना सारखेच वाढायचे. आता ज्याच्यावाचून अंतरपाट दूर होत नाही, तो मामा कुठे बसला असेल? मावशीला शेजारी घेऊन, अगदी शेवटच्या नवव्या पंगतीत!

आणि माझ्या काकूला तर पानच नाही. चुलता सातव्या पंगतीला आहे, चुलती कुठेच नाही. आई दोन वर्षे अंथरुणाला खिळली होती, तेव्हा याच काकूने आम्हा भावंडांना जेवू घातले, माझ्या वेण्या घातल्या. पण ही यादी मुख्यतः रक्ताची आहे. कुणी कुणाच्या वेण्या घातल्या, ते तिच्या रकान्यांत मावत नाही. मांडवातल्या यादीत मात्र काकूला लुगडे असते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कळते, एकीला जे दिसते ते दुसरीला दिसत नाही.

असे असले तरी एक गोष्ट पाहून मी चमकले होते. सातव्या पंगतीत काका आणि आत्या मांडीला मांडी लावून बसलेले, दोघांना पान सारखे. मिशांचा कुठे उल्लेखही नाही! मग म्हण खोटी ठरली म्हणायची काय?

नाही, मिशा दुसरीकडे होत्या. त्या वडिलोपार्जित जमिनीत होत्या. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वडिलोपार्जित धनात मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो, हे तिचे प्रसिद्ध मत. पुढे नीळकंठ भट्टाच्या 'व्यवहारमयूखा'ने भावाच्या वारसांत बहिणीला जागा दिली, आणि जुन्या मुंबई इलाख्यातली न्यायालये मयूखालाही मान देत. पण जन्मतः मिळणारा हक्क मुलांचाच राहिला. त्या हक्काचे जे भागीदार, त्यांना कायद्याच्या भाषेत सहदायाद म्हणतात. १९५६ च्या कायद्यानेही त्यांच्या पंगतीत मुलीला बसवले नाही.

याचा अर्थ आकड्यांत काय होतो, ते आमच्या घरच्याच उदाहरणावरून सांगते. आजोबा १९७२ च्या दुष्काळात वारले. मागे आजी, थोरले काका, माझे वडील आणि आत्या. कृष्णाकाठी, वाईच्या खालच्या अंगाला बारा एकर वडिलोपार्जित जमीन आणि गावठाणातले घर. आजोबांना शेवटपर्यंत नवे पैसे मानवले नाहीत, म्हणून आपण त्यांचाच सोळा आण्यांचा रुपया घेऊ. कायदा म्हणे, मरणाच्या क्षणाआधी वाटणी झाली होती अशी कल्पना करा. (पाहिलेत, कायद्यालाही 'समजा' लागतेच!) त्या कल्पित वाटणीत आजोबांना चार आणे, आजीला चार, काकांना चार, वडिलांना चार. आत्याला काही नाही. मग आजोबांच्या चार आण्यांना वारस चार: आजी, काका, वडील आणि आत्या. प्रत्येकाला एकेक आणा. आता बेरीज करा. आजीचे पाच, काकांचे पाच, वडिलांचे पाच, आत्याचा एक. सोळा आणे पुरे झाले. १९७८ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका विधवेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने याच रीतीने हिशेब मांडला आहे. म्हणजे काका पाच आणे, आत्या एक आणा; मिशांची किंमत चार आणे. बारा एकरांत सांगायची तर तीन एकर.

आणि तो एक आणा तरी? आजोबांच्या मागे वारस म्हणून तलाठ्याने सगळ्यांची नावे लावली. पुढच्याच महिन्यात आत्याचा जबाब झाला, की मला हिस्सा नको, भावांचीच नावे ठेवावीत. ती शाळेत गेलेली नव्हती. निळ्या शाईत अंगठा बुडवून उमटवला. काकांनी तिला लुगडे नेसवले, काकूने हातभर चुडा भरायला कासाराला बोलावले. चोळीबांगडी म्हणतात ती हीच. पुढे आजी गेली, तेव्हा तिच्या पाच आण्यांतही आत्याचा तिसरा हिस्सा होता. तो हिशेब तर कुणी केलाच नाही.

घराची गोष्ट याहून मौजेची. त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे, पुरुष वारस आपसांत वाटणी करीपर्यंत राहत्या घरातला हिस्सा मुलीला तोडून मागता येत नसे. तिथे राहण्याचा हक्क तिला असे, पण केव्हा? ती अविवाहित असेल, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली असेल, नाहीतर विधवा असेल तर. सुखाने नांदणाऱ्या मुलीला माहेरच्या छपराखाली राहण्याचा हक्क नव्हता. माहेर म्हणजे जणू दवाखाना. दुखणे असेल तरच खाट मिळणार.

हळूहळू चित्र पालटू लागले. आंध्राने १९८६ साली आणि तामिळनाडूने १९८९ साली मुलींना सहदायाद केले. महाराष्ट्रात हा बदल २२ जून १९९४ पासून आला. पण त्याआधी ज्यांची लग्ने झाली त्यांना वगळून. आत्याचे लग्न १९५८ चे, माझे १९८३ चे. आम्ही दोघीही लग्न वेळेवर झाल्याबद्दल बाद झालो! पुढे ९ सप्टेंबर २००५ रोजी संसदेची सुधारणा अमलात आली. तिने ही अटही काढली, तेविसावे कलमही काढले, आणि मुलगी मुलासारखीच जन्मतः सहदायाद ठरली. त्या दिवशी बाप हयात असायला हवा की नको, यावर पंधरा वर्षे उलटसुलट निकाल होत राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा यांच्या खटल्यात सांगून टाकले की तशी गरज नाही. हक्क जन्माचा आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदलेल्या दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली वाटणी कायम. पण कल्पित वाटणी म्हणजे खरी वाटणी नव्हे.

आमचे बारा एकर कागदावर कधीच वाटले गेले नव्हते. मधे बांध घालून काका आणि वडील वेगळे कसत, एवढेच. तेव्हा सोळा आण्यांचे आता तीन सारखे भाग पडले. काकांच्या मुलांना पाच आणे चार पै, वडिलांच्या मागे आम्हा दोघा भावंडांना मिळून पाच आणे चार पै, आणि आत्याला पाच आणे चार पै. म्हणजे चार एकर. मिशांची किंमत शून्य. उदाहरण संपले, असे मी म्हटले असते. पण फळ्यावर सुटलेले उदाहरण ओट्यावर सुटतेच असे नाही.

२०२२ साली महामार्गाकडेच्या तुकड्याला गिऱ्हाईक आले. गिऱ्हाइकाच्या वकिलाने सांगितले की पन्नास वर्षांपूर्वीचा तलाठ्यापुढचा जबाब पुरेसा नाही. बहिणींचे नोंदलेले हक्कसोडपत्र हवे. थोरल्या काकांचा मुलगा, आमचा दादा, गाडी घेऊन आत्याला आणायला गेला. मलाही पुण्याहून बोलावणे आले, कारण दस्तात आत्याच्या खाली माझे नाव होते. हेच ते दुसरे कारण. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर दस्तलेखकाच्या टेबलापाशी आम्ही बसलो. दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर कागद तयार होता. चार एकर आणि घराचा तिसरा हिस्सा सोडायला तेवढा पुरत होता.

दादाने कागद पुढे सरकवला. "आत्या, हितं अंगठा दे."

ब्याऐंशी वर्षांच्या आत्याने हात पदरात घेतला. "किती हाय?"

"काय किती?"

"मी सोडती ते किती हाय?"

"आता तुला कशाला त्यो हिशेब? आपलंच घर, आपलीच माणसं."

"आरं, बाजारात मिरच्या घेतल्या तरी पावशेर का अर्धा शेर इचारती मी. किती देती ते ठावं नसंल, तर ते देणं कसलं? ते हरवणं झालं." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू मास्तरीण. तू सांग."

मी सांगितले. चार एकर आणि घरात तिसरा हिस्सा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "आणि मागल्या बारीला अंगठा दिला, तवा किती व्हतं?"

"सोळा आण्यांतला एक आणा."

ती हसली. तिच्या हसण्यात राग नव्हता. एखादी फार दिवस न सापडलेली वस्तू आपल्याच घरात होती, हे कळल्यावर माणूस हसते तशी हसली. मग दादाला म्हणाली, "रान तुमी कसता. ते मी दिलं. देती म्हणून देती बरं का. आधीच तुमचं व्हतं म्हणून न्हाई. पर घरावरलं नाव काढायचं न्हाई."

"घराचं तू काय करणार, आत्या? दोन दिस येतीस."

"चौसष्ट वरीस पाव्हणी म्हणून आले. बोलावलं तर आले, न्हाई बोलावलं तर न्हाई आले. आता एक डाव न बोलावता यायचंय."

दस्तलेखकाने घराचे कलम गाळून कागद पुन्हा केला. माझा कागद मी तसाच परत दिला. माझ्या भावाने तिथल्या तिथे सांगितले की ताईचे नाव राहू द्या, आमचे आम्ही बघू. आत यंत्रावर आत्याचा अंगठा घ्यायची वेळ आली, तर तो उमटेना. सत्तर वर्षे खुरपे धरून त्यावरच्या रेघा पुसट झालेल्या. कारकुनाने फडक्याने पुसून पाहिला, दाबून पाहिला, चौथ्या खेपेस कसाबसा उमटला.

परतीच्या वाटेवर दादा गप्प होता. मग एकदम बोलू लागला. आत्याच्या लग्नाला आजोबांनी खोंडांची जोडी विकली होती. तिची दोन्ही बाळंतपणे याच घरात झाली. तिच्या थोरल्याच्या शिक्षणाला काकांनी पैसे दिले. चौसष्ट दिवाळ्यांची चौसष्ट लुगडी. त्याने एकेक बोट मोडून सांगितले, आणि त्यातले एकही खोटे नव्हते. खोटे नव्हते, तसेच आजीच्या शेवटच्या आजारात आत्या तीन महिने उशाशी बसली होती, तेही खोटे नव्हते. ते मी बोलले नाही. बोलले असते तर वजाबाकी सुरू झाली असती, आणि वजाबाकी करता येते ती एकाच मापाच्या वस्तूंची. लुगडी आणि गुंठे यांची मापे निराळी आहेत.

पण आपल्याकडे हीच वजाबाकी वर्षानुवर्षे चालत आली आहे. बहिणीला मान द्यायचा आणि तो तिच्या वाट्यातून वळता करून घ्यायचा. बहिणीही तो व्यवहार मुकाट्याने करतात. पुष्कळदा औदार्याने नव्हे, धास्तीने. हिस्सा मागितला तर भाऊबीज राहणार नाही, दिवाळीला मुलांना मामा राहणार नाही. म्हणजे त्या जमीन सोडत नाहीत. जमीन देऊन माहेर विकत घेतात, आणि मुळात जे आपलेच होते ते. आता मान वाईट का? मुळीच नाही. मान नुसत्या कागदाने मिळत नाही, तो माणसांनीच द्यावा लागतो, म्हणून तर तो गोड. पण जे दुसऱ्याने द्यायचे, ते तो देईल तोवरच असते. वाटा कुणी न देताही असतो. ज्याला नुसता मान आहे तो दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो. ज्याला नुसता वाटा आहे तो परक्यांच्या बांधाला बांध लावून जगतो. नाते म्हणायचे तर त्यात दोन्ही हवीत, आणि एक दुसऱ्याच्या पोटात घालायचे नाही.

हे सारे गोडीगुलाबीने पार पडले असे मात्र मी लिहिणार नाही. वहिनी माझ्याशी दीड वर्ष बोलल्या नाहीत. त्या दिवाळीला दादा आत्याकडे लुगडे घेऊन गेला नाही. गावात चार माणसे चार गोष्टी बोलली. मी पुण्यात बसून खंत करीत असे, आणि मग एके दिवशी मला माझीच जुनी कसोटी आठवली. दादा रुसला होता. परका माणूस रुसत नाही, तो नोटीस पाठवतो. ज्या अर्थी दादा रुसला, त्या अर्थी आत्यावर आपला हक्क आहे असे तो अजून मानीत होता.

आत्याने मात्र आपले काम नेमाने केले. मार्च महिना आला की नातवाच्या हाती घरपट्टीचा तिसरा हिस्सा ती ग्रामपंचायतीत पाठवी आणि पावती ट्रंकेत ठेवी. वाचता येत नव्हते, तरी पावतीवर आपले नाव कुठे आहे ते तिने नातवाकडून बोट ठेवून दाखवून घेतले होते. आणि एके दिवशी, सण नाही, वार नाही, बोलावणे नाही, ती एस.टी.ने आली. ओट्यावर टेकली नाही. सरळ आत गेली, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "वहिनी, च्या टाक गं." वहिनींनी चहा टाकला. नंतर मला त्या म्हणाल्या, "काय करणार, पिशवी खुंटीलाच अडकवली की!"

२०२४ साली दादाला नात झाली. बारशाला आत्याला आणायला तो स्वतः गेला, आणि वेळेवर गेला. घरातल्या दोघीतिघी म्हणाल्या, थोरल्या आत्याच्या हातून नाव ठेवू या, केवढे भाग्य पोरीचे. बाळाची खरी आत्या म्हणजे दादाची लेक, पुण्यात नोकरी करणारी चोवीस वर्षांची मुलगी. तीही भाबडेपणाने बाजूला सरली. "आजी, तुम्हीच सांगा नाव."

आत्या पाळण्याशेजारी पाट ओढून बसली होती. तिने मान हलवली. "न्हाई बाई. हक्क तुजा हाय, तू सोडू नगंस. मी हाय की गुद्दे घालायला."

पोरीने वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' केले आणि नाव सांगितले. बायका हसतहसत पुढे सरसावल्या. पण पहिला गुद्दा आत्याचाच पडला, आणि तो चौऱ्याऐंशी वर्षांच्या हाताचा आहे असे कुणी म्हटले नसते.